सभेंतील शब्द आणि त्यांचा अर्थ

विद्यार्थिमित्रहो, शिक्षण संपल्यावर तुमच्यापैकीं पुष्कळजण लहानमोठ्या कंपन्यांत नोकरी धराल. तुमच्या वडील मंडळींपैकीं कित्येकजण आजच तेथें काम करीत आहेत. मोठ्या कंपनींत कामाचा बराचसा वेळ सभांत जातो. तेथें सभेला 'मीटिंग' म्हणतात. या मीटिंगींत जी भाषा कानीं पडते, ती शाळेंत शिकविलेल्या कोणत्याहि भाषेसारखी नसते. इंग्रजी व्याकरण पक्कें असलेला आणि मराठींत पहिला आलेला तरुणहि आरंभींचे कांहीं महिने तेथें गोंधळून बसतो; आणि विशेष हें कीं, आपण गोंधळलों आहों, असें तो कोणासहि सांगत नाहीं. ही भाषा कोणती, ती कोठून आली, तिच्यापासून हानि काय होते आणि तिच्या तावडींतून सुटण्याचा मार्ग कोणता, याचा थोडक्यांत अभ्यास करावा, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक नमुना घेऊं. तो आम्हीं पाठासाठीं रचलेला आहे. परंतु पुण्यामुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांत याच्या जवळपासचें वाक्य सहज ऐकूं येईल. सभेचे अध्यक्ष म्हणतात : "या क्वार्टरमध्यें आपण सर्व स्टेकहोल्डरांना अलाइन करूं, लो-हँगिंग फ्रूट आधीं घेऊं, आणि ज्यांची बँडविड्थ असेल त्यांनीं ऑफलाइन डीप डाइव्ह करून सर्कल बॅक करावें." सर्वजण माना डोलावतात आणि सभा संपते.

आतां या वाक्याचा अन्वय लावूं. क्वार्टर म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा, तीन महिने. स्टेकहोल्डर म्हणजे या कामाशीं ज्यांचा संबंध आहे ते. अलाइन करणें म्हणजे एका मतावर आणणें. लो-हँगिंग फ्रूट म्हणजे हाताशीं लोंबणारें फळ, अर्थात् सहज होण्याजोगें काम. बँडविड्थ म्हणजे सवड. ऑफलाइन म्हणजे सभा आटोपल्यावर. डीप डाइव्ह म्हणजे खोल बुडी, अर्थात् बारीक तपास. आणि सर्कल बॅक म्हणजे पुन्हां येऊन कळविणें. सगळें मिळून वाक्य असें झालें : "या तीन महिन्यांत संबंधितांची संमति घेऊं, सोपें काम आधीं करूं, आणि ज्याला सवड असेल त्यानें नंतर नीट तपास करून कळवावें."

वाक्य आतां समजलें. परंतु समजतांच त्यांतील उणीव उघडी पडली. तपास कोणीं करावयाचा? कशाचा करावयाचा? केव्हांपर्यंत करावयाचा? या तीन प्रश्नांपैकीं एकाचेंहि उत्तर त्यांत नाहीं. वाक्य कठीण होतें तोंवर ही उणीव कोणाच्या लक्षांत आली नव्हती. आमच्या विषयाचें सारें मर्म येथेंच आहे. कठीण शब्दाचा त्रास ऐकणाऱ्याला होतो एवढेंच नव्हे. त्याच्या आड न झालेला विचार झांकला जातो.

परिभाषा आणि चिवचिवाट

इंग्रजींत अशा भाषेला 'जार्गन' म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून आला असून त्याचा मूळचा एक अर्थ पांखरांचा चिवचिवाट असा होता. पांखरांना आपला चिवचिवाट कळत असेल. ऐकणाऱ्या माणसाला मात्र नुसता नाद ऐकूं येतो.

परंतु येथें एक भेद ध्यानीं धरला पाहिजे. प्रत्येक धंद्याला स्वतःचे शब्द असतातच, आणि ते असावेतहि. शेतकरी 'कोळपणी' म्हणतो, तेव्हां पिकाच्या दोन ओळींमधील माती कोळप्यानें हलवून तण काढण्याची सगळी क्रिया तो एका शब्दांत सांगतो. सुतार 'रंधा' आणि 'पटाशी' म्हणतो, तेव्हां त्याच्या हाताखालचा पोरगा चुकीचें हत्यार आणीत नाहीं. हिशेबनीस 'घसारा' म्हणतो, तेव्हां यंत्राची किंमत वापरानें जितकी उतरली तेवढा आंकडा त्याच्या मनांत असतो. या शब्दांना परिभाषा म्हणतात. परिभाषेची खूण अशी कीं, तिचा अर्थ विचारला असतां जाणकार एका वाक्यांत सांगतो, आणि दहा जाणकारांना विचारलें तरी उत्तर एकच येतें. उलट, 'सिनर्जी साधावयाची' म्हणजे काय करावयाचें, असें एखाद्या सभेंतील पांचजणांस वेगवेगळें विचारून पाहा. पांच उत्तरें मिळण्याचाच संभव अधिक.

आपल्या बाजारांतहि गुप्त भाषा होत्या आणि आहेत. गुरांच्या बाजारांत रुमालाखालीं हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव ठरविण्याची रीत प्रसिद्धच आहे. बोटांच्या खुणांच्या भाषेला करपल्लवी असें जुनें नांव आहे. ती मुद्दाम गुप्त ठेवलेली असते. तरी जे दोघे सौदा करतात, त्या दोघांना प्रत्येक बोटाची किंमत पक्की ठाऊक असते. कंपनीच्या सभेंतील धुकट भाषा या करपल्लवीहूनहि वाईट म्हटली पाहिजे. कारण तेथें सौदा करणाऱ्या दोघांपैकीं एकालाहि बोटांची किंमत ठाऊक असेल असा भरंवसा नसतो.

शब्दांचा प्रवास

हे शब्द जन्मतः धुकट नव्हते. आपापल्या घरीं ते नेमके होते. घर सोडून परगांवीं आल्यावर बिघडले. त्यांची कुळकथा मोठी मनोरंजक आहे.

'बेंचमार्क' हा मूळचा मोजणीदारांचा शब्द. जमिनीची उंची मोजतांना ते दगडावर एक आडवी खूण कोरीत. त्या खुणेची उंची कायमची ठरलेली असे, आणि पुढील मोजणी तिच्या आधारानें होई. भारताच्या सर्वेक्षणांतील अशा जुन्या खुणा मुंबईंत आजहि पाहावयास मिळतात. दगडांत कोरलेल्या खुणेपेक्षां अधिक पक्कें काय असावें? परंतु सभेंत 'बेंचमार्क गांठावयाचा' असें म्हणतात, तेव्हां तो कोणता, कोणीं ठरविला आणि कशावरून, हें पुष्कळदां कोणींच सांगत नाहीं.

'बँडविड्थ' हा तारायंत्र व रेडिओ या शास्त्रांतील शब्द. संदेशाला लहरींचा किती रुंद पट्टा लागतो, हें तो सांगतो, आणि तो पट्टा हर्ट्झ या मापानें मोजतां येतो. माणसाची सवड अशी मोजतां येत नाहीं. 'बॉलपार्क' म्हणजे अमेरिकेंतील बेसबॉल खेळाचें मैदान. त्यावरून ढोबळ अंदाजाला तें नांव पडलें. ज्या मुलानें बेसबॉल कधीं पाहिला नाहीं, त्यास 'बॉलपार्क आंकडा द्या' म्हटल्यावर तो बिचारा कोणत्या मैदानाकडे पाहील?

'स्टेकहोल्डर' या शब्दाची गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. दोघांनीं पैज लावली म्हणजे निकाल लागेपर्यंत दोघांचे पैसे ज्या तिऱ्हाईताजवळ ठेवीत, त्याला इंग्रजींत स्टेकहोल्डर म्हणत. म्हणजे त्या पैशांत ज्याचा कांहींच वांटा नाहीं, असा तो मनुष्य! आज त्याच शब्दाचा अर्थ 'ज्याचें यांत हित गुंतलें आहे तो' असा झाला आहे.

तथापि उसना शब्द नेहमींच बिघडतो असेंहि नाहीं. 'डेडलाइन' हा शब्द अमेरिकेंतील यादवी युद्धांतला आहे. १८६४ सालीं अँडरसनव्हिल येथील कैदखान्यांत कुंपणाच्या आंत एक रेषा आंखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडीत. आज डेडलाइन म्हणजे काम पुरें करण्याची अखेरची तारीख. मूळचा अर्थ भयंकर असला, तरी आजचा अर्थ सर्वांना एकच कळतो. म्हणून तो शब्द चांगला. यावरून हें दिसून येईल कीं, शब्द परका आहे कीं उसना आहे, ही कसोटी नव्हे. ज्याला काम करावयाचें आहे त्याला तो कळतो कीं नाहीं, हीच खरी कसोटी.

पैशाची हानि

आतां या भाषेपासून होणारी हानि पाहूं. प्रथम पैशाची, मग पोटाची आणि शेवटीं प्राणांची, अशा क्रमानें आम्ही ती सांगतों.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यांत पॅसिफिक बेल नांवाची टेलिफोन कंपनी होती. १९८४ सालीं मूळच्या विशाल कंपनीचे तुकडे झाले आणि पॅसिफिक बेलला स्पर्धेच्या जगांत उभें राहावें लागलें. नोकरांचे जुने विचार बदलावे, या हेतूनें चालकांनीं चार्ल्स क्रोन नांवाच्या सल्लागाराच्या विचारांवर आधारलेलें एक शिक्षण सुरू केलें. हजारों नोकरांना त्यासाठीं बसविण्यांत आलें. सर्वांनीं एकाच भाषेंत विचार करावा, असा त्यामागचा उद्देश होता. परंतु ती भाषा इतकी गूढ होती कीं, एकेका सामान्य शब्दाची व्याख्या वाचूनहि वाचणाऱ्याच्या पदरीं कांहीं पडत नसे. नोकर आपापसांत या शिक्षणाला 'क्रोनिंग' म्हणूं लागले. ही भाषा जे बोलतात ते आंतले, आणि जे बोलत नाहींत ते बाहेरचे, अशी फूट पडली. आपली नोकरी राहील कीं नाहीं, अशी भीति कित्येकांना वाटूं लागली.

१९८७ सालीं वर्तमानपत्रांतून या प्रकरणाला वाचा फुटली आणि राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगानें चौकशी केली. शिक्षणावर सुमारें ४ कोटि डॉलर खर्च झाल्याचें प्रसिद्ध झालें. हा पैसा शेवटीं टेलिफोनच्या बिलांतून, म्हणजे सामान्य गिऱ्हाइकांच्या खिशांतून यावयाचा होता, म्हणून आयोगाला त्यांत लक्ष घालणें भाग पडलें. कंपनीनें तें शिक्षण बंद केलें. आमच्या मतें येथें शिकण्याजोगी गोष्ट ही कीं, चालकांचा हेतु वाईट नव्हता. परंतु नोकर एकमेकांशीं अधिक मोकळेपणानें बोलावेत म्हणून जी भाषा आणली, त्याच भाषेनें त्यांचीं तोंडें बंद केलीं.

पोटाची हानि

दुसरी हानि मनाला अधिक लागते. १९७० नंतरच्या दशकांत पेट्रोल महागल्यामुळें अमेरिकेंतील मोटारींच्या कारखान्यांनीं मोटारींचा आकार लहान केला. त्या क्रियेस 'डाउनसायझिंग' म्हणत. पुढें १९८० नंतर हाच शब्द माणसें कमी करण्यास लावूं लागले. तो शब्दहि कानांस कडू वाटूं लागला, तेव्हां 'राइटसायझिंग', म्हणजे योग्य आकार देणें, असा शब्द निघाला. मोटार लहान केली तर पत्र्याला दुःख होत नाहीं. माणूस कमी केला तर एका घरची चूल विझण्याची वेळ येते. दोन्ही गोष्टींना एकच शब्द लावला, म्हणजे ती चूल दिसेनाशी होते.

१७ जुलै २०१४ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मोबाइल विभागाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनीं आपल्या नोकरांस एक लांबलचक पत्र पाठविलें. आरंभीं सलगीचा रामराम होता. मग कंपनीचें धोरण, मालाची मांडणी, निरनिराळ्या विभागांचा मेळ, अशा विषयांवर परिच्छेदामागून परिच्छेद होते. सुमारें १२,५०० नोकरांच्या जागा कमी होणार, ही खरी वार्ता पत्राचा बराच मोठा भाग वाचून झाल्यावर येत होती. या पत्रावर वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली. ज्याच्या पोटावर पाय येणार, त्याला ती गोष्ट पहिल्या ओळींत आणि साध्या शब्दांत ऐकण्याचा हक्क आहे. कटु वार्ता सौम्य स्वरांत सांगावी, हें सौजन्य होय. ती शब्दांच्या ढिगाखालीं पुरावी, हें सौजन्य नव्हे.

प्राणांची हानि

तिसरें उदाहरण आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचें आहे. १६ जानेवारी २००३ रोजीं अमेरिकेच्या नासा संस्थेचें 'कोलंबिया' हें अंतराळयान सात प्रवासी घेऊन उडालें. त्यांत हरियाणांतील कर्नाल येथें जन्मलेल्या कल्पना चावला होत्या. उड्डाणानंतर सुमारें ८२ सेकंदांनीं इंधनाच्या टांकीवरील फेसाच्या लेपाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळांत असतांनाच हा आघात चित्रफितींत दिसून आला. पंखाला इजा झाली असेल काय, याचा विचार करण्यासाठीं सभा झाल्या, आणि बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनीं आपले निष्कर्ष पडद्यावरील पानांच्या रूपानें मांडले.

त्यांपैकीं एक पान पुढें फार गाजलें. त्याचा मथळा वाचून धीर येई. कारण चांचणीचे आंकडे सुरक्षिततेच्या बाजूला झुकलेले आहेत, असा त्याचा भास होता. खालीं लहान होत जाणाऱ्या अक्षरांत मुद्यांच्या पोटांत मुद्दे होते. फेसाच्या लेपाला चार अक्षरांचें संक्षिप्त नांव दिलें होतें. 'लक्षणीय' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या एकाच पानावर पांच वेळां आला होता, आणि त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणीं सारखा नव्हता. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदीं तळाशीं, सर्वांत लहान मुद्यांत होती : पूर्वींची चांचणी ३ घन इंचांच्या तुकड्यावर झाली होती, आणि प्रत्यक्ष आदळलेला तुकडा सुमारें १,९२० घन इंचांचा होता. म्हणजे तो ६४० पट मोठा होता!

विद्यार्थिहो, तुम्हीं गणिताच्या वहींत काय लिहिलें असतें? "चांचणी झाली त्याच्या ६४० पट मोठा तुकडा आदळला आहे, म्हणून त्या चांचणीवरून आम्हांला कांहींच सांगतां येत नाहीं." एवढें एक वाक्य पानाच्या शिरोभागीं असतें, तर सभेंतील अधिकाऱ्यांना त्याकडे डोळेझांक करणें कठीण गेलें असतें. अंतराळांतील यानाचीं छायाचित्रें घ्यावींत, अशी मागणी कांहीं अभियंत्यांनीं केली होती; ती वरपर्यंत टिकली नाहीं. १ फेब्रुवारी २००३ रोजीं परत येतांना यान टेक्सासच्या आकाशांत भंगलें आणि सातहि प्रवासी मृत्यु पावले.

या अपघाताचें सारें कारण त्या पानांत होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. फेस सुटणें हें यंत्राचें कारण होतें, आणि वेळापत्रकाचा व कारभाराचा दोषहि चौकशीमंडळानें दाखविला. तथापि ऑगस्ट २००३ च्या अहवालांत त्या मंडळानें या पानाचा मुद्दाम उल्लेख केला, आणि सविस्तर लेखी टिपणाऐवजीं अशीं पानें वापरण्याच्या रूढीवर ठपका ठेवला. बातमी सभेंत होती. परंतु ती ऐकणाऱ्यापर्यंत पोंचली नाहीं.

प्रश्न कां विचारीत नाहींत?

सभेंत बसलेले लोक शिकलेले असतात. मग त्यांपैकीं एकजणहि उठून "याचा अर्थ काय?" असें कां विचारीत नाहीं? कारण प्रत्येकाला वाटतें कीं, इतर सर्वांना कळलें आहे आणि मूर्ख तेवढा मीच. इलॉन मस्क यांनीं २०१० सालीं स्पेसएक्स या आपल्या कंपनींतील नोकरांस संक्षिप्त नांवांविषयीं एक पत्र लिहिलें. त्याचा आशय असा कीं, सगळीं संक्षिप्त नांवें कोणाच्याच लक्षांत राहत नाहींत. सभेंत अडाणी दिसूं नये म्हणून लोक गप्प बसतात. आणि नव्या नोकराला तर हा जाच फारच होतो. यंत्राच्या चांचणीचा एक मांडव आद्याक्षरांनीं ओळखला जाई. त्याला नुसतें 'तिपाई' या अर्थाचें नांव दिलें तर तें उच्चारावयास थोडकें आणि समजावयास सोपें, असा त्यांनीं दाखला दिला.

धुकें उत्पन्न करणारा नेहमीं लबाडच असतो असें मात्र समजूं नये. कोणी दुसऱ्याचें ऐकून तसें बोलतो. कोणाला आपण मागासलेले दिसूं अशी धास्ती असते. कोणाचा विचारच पुरा झालेला नसतो. आणि कोणी मात्र जाणूनबुजून शब्दांच्या आड लपतो, कारण स्पष्ट बोललेला शब्द उद्यां आपल्यावर उलटेल हें त्याला ठाऊक असतें.

उपाय

हा रोग असाध्य नाहीं. ९ ऑगस्ट १९४० रोजीं, इंग्लंडवर जर्मन विमानांचे हल्ले होत असतांना, पंतप्रधान चर्चिल यांनीं सरकारी कचेऱ्यांना एक टिपण धाडलें. अहवाल लहान व ठसठशीत परिच्छेदांत लिहावा, तपशील पुरवणींत द्यावा, आणि ज्या घोळदार शब्दप्रयोगांच्या जागीं एक शब्द पुरतो किंवा जे सरळ गाळतां येतात, ते काढून टाकावेत, असा त्याचा मथितार्थ होता. देशावर संकट असतां पंतप्रधानांनीं भाषेकडे लक्ष दिलें, यांत आश्चर्य नाहीं. लांबलेला अहवाल वाचण्यांत जो वेळ जातो, तो लढाईंतून वजा होतो.

ॲमेझॉन कंपनींत २००४ सालीं वरिष्ठ मंडळींच्या सभांतून पडद्यावरील मुद्यांचीं पानें काढून टाकलीं. त्यांच्या जागीं पूर्ण वाक्यांत लिहिलेलें, सहा पानांच्या आंतलें टिपण आलें. सभेच्या आरंभीं सर्वजण तें मुकाट्यानें वाचतात आणि मगच बोलूं लागतात. पूर्ण वाक्याला कर्ता लागतो, कर्म लागतें, क्रियापद लागतें. म्हणून कोण, काय आणि केव्हां हीं लपवितां येत नाहींत. ज्या व्याकरणाचा तुम्हांला कंटाळा येतो, तेंच पुढें मोठमोठ्या व्यापाऱ्यांना उपयोगी पडतें, हें पाहून ठेवा! अमेरिकेंत तर २०१० सालीं कायदाच झाला. सरकारी खात्यांनीं जनतेसाठीं जें लिहावयाचें, तें जनतेला समजेल अशा भाषेंत लिहावें, असें त्यानें बंधन घातलें.

येथें कोणी म्हणेल, "इंग्रजी शब्द टाकून मराठी शब्द घेतले म्हणजे काम झालें." हा उपाय आपल्या देशांत पूर्वींहि योजिलेला आहे. १६७४ सालीं राज्याभिषेक झाल्यावर शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करविला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६२ सालीं सरकारी हुद्द्यांचा पदनाम कोश निघाला. त्यांतील शब्द जड वाटले म्हणून आचार्य अत्रे यांनीं त्याला 'बदनाम कोश' असें नांव ठेविलें. तरी त्यांतील कित्येक शब्द पुढें रुळले आणि आज सर्वांच्या तोंडीं आहेत. ते रुळले, याचें कारण प्रत्येकामागें एक ठराविक हुद्दा होता. शब्द जड असला तरी अर्थ पोकळ नव्हता. उलट, 'सिनर्जी' टाकून 'समन्वित ऊर्जा' म्हटलें, तर धुकें तेंच राहून त्याचा रंग तेवढा बदलेल. फाइल, बिल, मीटिंग हे शब्द परके असूनहि खेड्यापाड्यांत कळतात. ते खुशाल वापरावेत.

आपलें कर्तव्य

शेवटीं विद्यार्थ्यांस आणि पालकांस दोन शब्द. हें धुकें नोकरी लागल्यावर अचानक येत नाहीं. त्याचा आरंभ शाळेंतच होतो. पाठ केलेली व्याख्या न समजतां उत्तरपत्रिकेंत उतरविणारा मुलगा पुढें सभेंत न समजलेला शब्द बोलूं लागतो. वर्गांत हात वर करण्यास लाजणारी मुलगी पुढें सभेंत गप्प बसते. म्हणून "गुरुजी, हें मला कळलें नाहीं, पुन्हां सांगाल का?" असें म्हणण्याचें धैर्य आजच अंगीं बाणविलें पाहिजे. उद्यां तेंच वाक्य "साहेब, याचा अर्थ सांगाल का? काम चुकूं नये म्हणून विचारतों," असें नम्रपणें म्हणतां येईल. असा प्रश्न विचारणारा एकटा दिसतो. वस्तुतः तो सभेंतील निम्म्या लोकांच्या वतीनें विचारीत असतो.

पालकांनीं कचेरींतील आपले शब्द रात्रीं जेवतांना मुलांस समजावून सांगून पाहावेत. दहा वर्षांच्या मुलास ज्याचा अर्थ कोणत्याच रीतीनें सांगतां येत नाहीं, तो शब्द आपणांस तरी कळला आहे काय, असें मनाशीं विचारावें. मुलांनीं "म्हणजे काय?" असें विचारलें तर त्यांच्यावर रागावूं नये. ज्या घरांत हा प्रश्न विचारण्याची मुभा आहे, त्या घरचीं मुलें पुढें सभेंत खालीं मान घालून बसणार नाहींत, अशी आमची खात्री आहे.

अभ्यास

१. परिभाषा आणि धुकट शब्द यांतील भेद दोन दोन उदाहरणें देऊन सांगा.

२. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या एखाद्या कारागिराच्या धंद्यांतील पांच शब्द विचारून घ्या व प्रत्येकाचा अर्थ एका वाक्यांत लिहा.

३. 'स्टेकहोल्डर' या शब्दाचा मूळचा अर्थ आणि आजचा अर्थ यांची तुलना करा.

४. कोलंबिया यानाविषयींच्या त्या पानावर सर्वांत वर कोणतें वाक्य असावयास हवें होतें? तें आपल्या शब्दांत लिहून, तेथेंच कां, याचें कारण द्या.

५. पुढील वाक्य साध्या मराठींत लिहा, आणि त्यांत कोण, काय व केव्हां यांपैकीं कशाचा उल्लेख नाहीं तें सांगा : "टीमनें ओनरशिप घेऊन हा इश्यू लवकरांत लवकर क्लोज करावा."